वाचक विचारतात : सिडनी प्वाटिएची वाणी, थप्पड आणि चौदा दिवस

मागच्या अंकात सिडनी प्वाटिए या अमेरिकी नटावर अर्धं पान छापलं होतं. टोमॅटो पिकवणाऱ्याचा मुलगा, शाळा जेमतेम, हॉटेलात भांडी घासणारा पोरगा, आणि १९६४ साली प्रमुख भूमिकेचं ऑस्कर घेणारा पहिला काळा नट, एवढंच त्यात होतं. त्यावर झाडीपट्टीतून आणि वऱ्हाडातून पत्रं आली. तो कोण होता हे कळलं, पण हे सगळं त्यानं केलं कसं, असं बहुतेकांनी विचारलं आहे. पत्रं थोडी आटोपशीर करून देत आहोत.

प्रश्न : मी तीन हंगामांपासून झाडीपट्टीच्या नाटकांत लहान भूमिका करतो. शिक्षण सातवी. नक्कल (भूमिकेची लिहिलेली वाक्यं) हातात घेऊन वाचायला लागलो की अडखळतो. शहरातल्या वकिलाची भूमिका मागितली तर दिग्दर्शक म्हणतात, तुझ्या तोंडी 'पाणी'चं 'पानी' होते. त्या प्वाटिएनं नेमकं काय केलं?
एक नट, ता. देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली

उत्तर : त्याच्याही दोन अडचणी होत्या, तुमच्याच. वाचन कच्चं आणि बोली गावची. त्यानं त्या एकत्र सोडवल्या नाहीत, वेगवेगळ्या सोडवल्या. तुम्हीही तसंच करा.

प्वाटिए बहामाच्या कॅट आयलंड नावाच्या बेटावर वाढला. तिथं वीज नव्हती, नळ नव्हता, मोटार नव्हती. दहाव्या वर्षी घर नासाऊ शहरात आलं, पंधराव्या वर्षी तो मायामीला भावाकडे गेला, सोळाव्या वर्षी न्यू यॉर्कला. वय खोटं सांगून सैन्यात वर्षभर राहिला, परत आला आणि भांडी घासू लागला. हार्लेममधल्या अमेरिकन निग्रो थिएटरची 'नट पाहिजेत' अशी जाहिरात पेपरात दिसली, म्हणून गेला. हातात संहिता दिली तर एकेक शब्द फोडत वाचू लागला, तोही बेटावरच्या हेलात. संस्थेचे फ्रेडरिक ओनील यांनी संहिता काढून घेतली आणि जा, भांडी घासायचं काम बघ, असं म्हणत त्याला दारापर्यंत नेऊन सोडलं. हा माणूस आपल्याला ओळखत नाही, तरी त्याला आपल्याकडे बघून तेच काम दिसलं, हे प्वाटिएला लागलं. नट व्हायचं त्यानं तिथं रस्त्यावर ठरवलं.

वाचन शिकवलं ते त्याच्या हॉटेलातल्या एका म्हाताऱ्या ज्यू वेटरनं. रात्री गिऱ्हाईक संपलं की दोघं पेपर घेऊन बसत. म्हाताऱ्यानं त्याला स्वल्पविराम कशासाठी असतो, पूर्णविरामाला काय करायचं, लांब शब्दाचे तुकडे कुठं पाडायचे, हे शिकवलं. असं कित्येक आठवडे चाललं.

तुम्ही हे असं करा. रोज वीस मिनिटं, वेळ ठरलेली. अग्रलेख नको, आठदहा ओळींची गावची बातमी घ्या. शेजारी नीट वाचता येणारं कुणीतरी हवं, आठवीतली मुलगी असली तरी चालेल. पहिल्या वाचनात पेन्सिलीनं विरामचिन्हांना गोल करा आणि जोडाक्षरं फोडा : प्रत्-युत्-तर. दुसऱ्या वाचनात चिन्हापाशीच श्वास घ्यायचा, मधे नाही. तिसऱ्यांदा न थांबता. शेजारच्यानं वाक्याच्या मधे टोकायचं नाही, पूर्णविरामाला टोकायचं. मधे टोकलं की वाचणारा घाबरतो, आणि घाबरला की अक्षर न बघता अंदाजानं शब्द मारतो. कच्च्या वाचकाचा खरा रोग हाच : पहिलं अक्षर बघून 'अधिकारी'चं 'अधिकार' करणं. त्यावर एक उपाय आहे. ओळ एकदा उलटी वाचा, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. अर्थ लागत नाही, म्हणून अंदाज चालत नाही. डोळा अक्षरावर बसतो.

बोलीसाठी प्वाटिएनं रेडिओ घेतला. निवेदक बोलला की तेच वाक्य त्याच्या मागोमाग म्हणायचं, काम करतानासुद्धा. साधारण सहा महिने हे केलं आणि मग तो त्याच दारात परत गेला. तुमच्याकडे मोबाइल आहे, त्यामुळे तुमचं काम सोपं. आकाशवाणीच्या मराठी बातम्यांतली दोन मिनिटं रेकॉर्ड करा, एका वाक्याला थांबवा, म्हणा, स्वतःचं रेकॉर्ड करा, दोन्ही लागोपाठ ऐका. 'ण' आणि 'ळ' यांना जीभ मागे वळून टाळूला लागली पाहिजे, दातामागे नाही. पाणी, कोण, दाणा, लोणी, आणि. डोळा, सकाळ, जवळ, फळा, काळजी. दहा शब्द, प्रत्येक पाच वेळा, आरशात तोंड बघत. जिभेच्या आधी कान सुधारतो, म्हणून पहिल्या आठवड्यात आपलंच बोलणं जास्त चुकीचं वाटू लागतं. तिथं सोडू नका.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, 'ण' जमला की माणूस तो सगळीकडे लावतो, 'मन'चं 'मण' आणि झाडाच्या पानाचं 'पाण' होतं. शब्दांची वही ठेवल्याशिवाय हे जात नाही. दुसरं, बातम्यांचा सपाट सूर रडण्याच्या प्रसंगातही शिरतो. रेडिओकडून उच्चार घ्या, भाव घेऊ नका. आणि घरची बोली सोडायची नाही. वऱ्हाडातल्या माणसाचा 'डोया' आणि झाडीतला 'डोरा' ज्या नटाच्या तोंडात जिवंत आहे, त्यालाच वकील आणि वकिलाचा अशील दोन्ही करता येतात.

पुढचंही ऐका. परत गेल्यावर त्याला काही महिन्यांपुरतं घेतलं. मुदत संपून जायची वेळ आली तेव्हा, मी इमारत झाडून काढतो, मला शिकू द्या, असं त्यानं सांगितलं. संस्थेतल्याच हॅरी बेलाफाँटे या नटाच्या भूमिकेचा तो राखीव नट झाला. एका रात्री बेलाफाँटे येऊ शकला नाही, हा उभा राहिला, आणि बघायला आलेल्या दिग्दर्शकानं त्याला १९४६ साली ब्रॉडवेवरच्या 'लिसिस्ट्राटा'त घेतलं. त्या नाटकाचे प्रयोग झाले चारच, आणि पहिल्या रात्री भीतीनं त्यानं वाक्यं मागेपुढे केली. तरी समीक्षकांनी त्याचं नाव घेतलं. तुमच्या नाटकातल्या मोठ्या भूमिकेची नक्कल आजच उतरून घ्या. दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रीमागून रात्री जागरणाचे प्रयोग असतात, घसा कुणाचाही बसतो.

प्रश्न : नाव पॉटियर, पॉइटिअर, पॉटिए असं तीन तऱ्हांनी वाचलं. बरोबर कोणतं? आणि तो अमेरिकेचा की बहामाचा?
ग्रंथपाल, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : प्वाटिए. फ्रेंच वळणाचं नाव आहे, शेवटचा 'र' उच्चारत नाहीत. तो दोन्हीकडचा. आईवडील कॅट आयलंडचे, टोमॅटो विकायला मायामीला गेले होते. २० फेब्रुवारी १९२७ ला तिथंच तो दोनेक महिने आधी जन्मला, म्हणून जन्मानं अमेरिकी नागरिक. वजन तीन पौंडही नव्हतं, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. वडिलांनी पुरण्यासाठी बुटाचा खोका आणून ठेवला होता. मूल जगलं. पुढं फ्लोरिडानं बहामाचा टोमॅटो घेणं बंद केलं आणि वडिलांची शेती बसली, म्हणून घर नासाऊला हललं. भाव पडल्यावर किंवा बाजार बंद झाल्यावर घरं कशी हलतात हे आपल्याकडे सांगायला नको. १९९७ ते २००७ तो बहामाचा जपानमधला राजदूत होता. ६ जानेवारी २०२२ ला वारला, वय ९४.

प्रश्न : कापसाच्या मालकानं थप्पड मारली आणि काळ्या पोलिसानं तिथल्या तिथं परत मारली, तो सिनेमा बघितला. आमच्या इथले म्हातारे दोनदा मागे नेऊन बघत होते. ते शूटिंग खरंच कापसाच्या मुलखात झालं का?
शिक्षक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : तो 'इन द हीट ऑफ द नाइट', १९६७ चा. प्रसंग नीट बघितलात तर कळेल, थप्पड शेतात नाही, काचेच्या घरात बसते. मालक एंडिकॉट आपली ऑर्किडची फुलं दाखवतो आहे, मागे काळा नोकर सरबताचा ट्रे धरून उभा आहे. व्हर्जिल टिब्स हा फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी शांतपणे प्रश्न विचारतो. खुनाचा संशय आपल्यावर आहे हे लक्षात येताच एंडिकॉट मारतो. टिब्स क्षणही न थांबता मारतो. आता काय करणार, असं एंडिकॉट गोऱ्या पोलीसप्रमुखाला विचारतो, आणि त्याला उत्तर सुचत नाही. ट्रे धरलेल्या नोकराचा चेहरा त्या वेळी बघा. मोठ्या अमेरिकी चित्रपटात काळ्या माणसानं गोऱ्या जमीनदाराला असं उलट मारलेलं लोकांनी तोवर पाहिलं नव्हतं. ही उलटी थप्पड आपण आग्रह धरून घालून घेतली, असं प्वाटिए सांगत असे. ती पटकथेत आधीपासून होती असंही म्हणणारे आहेत. श्रेय कुणाचंही असो, हात सैल न सोडता मारणं त्याचं आहे.

जागेचं म्हणाल तर कथा मिसिसिपीतली, पण प्वाटिएनं दक्षिणेत जायला नकार दिला. कारण होतं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तो आणि बेलाफाँटे मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांसाठी ७०,००० डॉलर रोख घेऊन गेले होते आणि विमानतळावरून निघताच गोऱ्या गुंडांच्या गाड्यांनी त्यांचा पाठलाग केला होता. म्हणून गाव उभं केलं ते उत्तरेकडच्या इलिनॉयमधल्या स्पार्टा इथं. दुकानांच्या, स्टेशनच्या पाट्या रंगवत बसायला नको म्हणून सिनेमातल्या गावाचंही नाव स्पार्टाच ठेवलं. पण कापूस इलिनॉयच्या त्या भागात कुठून आणणार? त्यासाठी टेनेसीतल्या डायर्सबर्गला थोडे दिवस जावंच लागलं. तिथं धमक्या आल्या आणि काम लवकर आवरून मंडळी परतली. आपल्याकडे बाया कमरेला ओटी बांधून वेचतात. तिकडे हातवेचणीत लांब पिशवीचा पट्टा खांद्यावर अडकवून ती तासातून मागे ओढत नेत.

एक बारीक गोष्ट. कथा उकाड्याच्या रात्रीची, शूटिंग १९६६ च्या शरदात. थंडीत बोलताना तोंडातून वाफ दिसे, म्हणून नट शॉटच्या आधी तोंडात बर्फाचे तुकडे धरत. तोंड गार झालं की वाफ दिसत नाही. पुसाच्या थंडीत उघड्यावर प्रयोग करणाऱ्यांनी मात्र नाटकात हे करू नये. दोन मिनिटांच्या शॉटला चालतं, रात्रभराच्या घशाला नाही.

प्रश्न : मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) नाटकात आमच्या सावळ्या नटांना गुलाबी पावडर फासतात, तरी कपाळ चमकतं आणि डोळे दिसत नाहीत. व्हिडिओत तर फारच वाईट. प्वाटिए इतका स्वच्छ कसा दिसतो?
नाट्यमंडळ, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : त्याचं उत्तर पावडरीत नाही, दिव्यात आहे. वर सांगितलेल्या त्याच चित्रपटाचा छायाचित्रकार हास्केल वेक्सलर. तेव्हाची प्रकाशयोजना गोऱ्या कातडीच्या हिशेबानं ठरलेली होती. तोच झगझगीत प्रकाश काळ्या चेहऱ्यावर टाकला की कातडीवर चकाकी येते आणि चेहऱ्याचे बारकावे हरवतात. वेक्सलरनं प्रकाश उतरवला आणि प्वाटिएच्या चेहऱ्याचा विचार करून मांडला. रंगीत हॉलिवूडपटात हे जाणीवपूर्वक केल्याचं पहिलं मोठं उदाहरण म्हणून तो चित्रपट सांगितला जातो.

तुमच्या मंचावर बहुधा ५०० वॅटचे दोन हॅलोजन समोरून सरळ तोंडावर मारलेले असतात. ते समोरून काढा. एक डावीकडे, एक उजवीकडे, नटाच्या डोक्यापेक्षा दोनतीन हात उंच, तिरपे. त्यातला एक थेट नटाकडे न वळवता ताणून बांधलेल्या पांढऱ्या चादरीवर मारा आणि परतलेला प्रकाश चेहऱ्यावर येऊ द्या. काळा चेहरा थेट प्रकाशानं जेवढा उजळतो त्याहून अशा पसरट, परतलेल्या प्रकाशानं चांगला उजळतो, कारण चमक एका ठिपक्यात गोळा न होता गालभर पसरते. चादर हॅलोजनपासून किमान चार हात दूर हवी. हॅलोजन भाजून काढतो, कापड पेटतं. एलईडी असतील तर ही भीती कमी. डोळ्यांत अंधार राहत असेल तर दिवे जास्त उंच गेले आहेत, थोडे खाली घ्या.

गुलाबी पावडर बंद करा. घाम आला की ती राखाडी पडते, आणि मानेचा खरा रंग खाली उघडा राहतो. नटाच्या कातडीच्याच छटेचा बेस घ्या, मानेवर आणि कानामागे सारखा लावा, प्रत्येक प्रवेशाआधी कपाळ आणि नाक टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. मोबाइलनं चित्रण करताना बोट नटाच्या गालावर दाबून उजेड तिथं बांधून ठेवा. मागे पांढरा पडदा असेल तर मोबाइल पडद्याचा उजेड धरतो आणि चेहरा काळा करतो. गडद निळा किंवा तपकिरी पडदा लावा.

प्रश्न : ज्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं तो म्हणे चौदा दिवसांत केला. आम्ही वीस मिनिटांचा लघुपट करतोय. एवढ्या दिवसांत कसं जमतं?
तरुण मंडळ, ता. चिखलदरा, जि. अमरावती

उत्तर : 'लिलीज ऑफ द फील्ड', १९६३. खर्च सुमारे अडीच लाख डॉलर, हॉलिवूडच्या मानानं फार थोडा. दिग्दर्शक राल्फ नेल्सननं त्यासाठी स्वतःचं घर तारण ठेवलं आणि त्यात एक भूमिकाही केली. प्वाटिएनं मानधन कमी घेऊन नफ्यात वाटा घेतला. ॲरिझोनातल्या टूसॉनजवळ एकाच माळावर शूटिंग झालं. गोष्ट साधी : फिरता कारागीर होमर स्मिथ गाडीत पाणी भरायला थांबतो आणि युरोपातून आलेल्या पाच जोगिणी त्याच्याकडून कच्च्या विटांचं प्रार्थनामंदिर बांधून घेतात.

जमलं ते याच मांडणीमुळे. एकच जागा, थोडी माणसं, बहुतेक उजेड सूर्याचा. अडचण एक होती. इमारत गोष्टीबरोबर वाढायला हवी. म्हणून कामगार रात्री बांधकाम करत, म्हणजे सकाळच्या प्रसंगाला भिंत जेवढी हवी तेवढी तयार. तुमच्या गोष्टीत विहीर, पीक, घर असं वाढणारं काही असेल तर प्रसंग क्रमानंच घ्या आणि रोज संध्याकाळी फोटो काढून विटांचे थर मोजून लिहा. दुसऱ्या दिवशी भिंत खाली आणि तिसऱ्या दिवशी वर, असं झालं की प्रेक्षक गोष्ट सोडून भिंतच बघतो.

हिशेब करा. ९४ मिनिटं भागिले चौदा, म्हणजे दिवसाला पावणेसात मिनिटं. ते सगळे मुरलेले होते. तुम्ही तीन मिनिटं धरा, वीस मिनिटांना सात दिवस, आणि एक दिवस पावसासाठी हातात. सकाळी साडेसहा ते दहा, दुपारी चार ते साडेसहा. मधल्या वेळात ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांच्या खोबणीत सावली बसते. तेव्हा घरातले प्रसंग घ्या.

गाण्याबद्दलही तुमचा प्रश्न होता. चित्रपटातलं 'आमेन' प्वाटिएनं गायलेलं नाही. त्याला सुराचं अंग नव्हतं. आवाज जेस्टर हेअर्स्टनचा आहे. तुम्ही उसना आवाज वापरणार असाल तर गाणं आधी रेकॉर्ड करा, शूटिंगच्या वेळी मोठ्यानं लावा, आणि नटाला नुसते ओठ हलवू देऊ नका, खरंच गाऊ द्या, बेसूर का असेना. गळ्याच्या शिरा आणि छातीचा श्वास खोटा करता येत नाही.

प्रश्न : आमच्या वर्गात वाद झाला. एका मुलीचं म्हणणं, हा गोऱ्यांना आवडेल असा 'चांगला काळा माणूस' रंगवत राहिला. हे खरं आहे का?
विद्यार्थिनी, अमरावती जिल्हा

उत्तर : तिचा मुद्दा जुना आहे आणि वजनदार आहे. १९६७ साली क्लिफर्ड मेसन या काळ्या नाटककारानं 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये हेच लिहिलं. त्याच वर्षी प्वाटिएचे तीन गाजलेले चित्रपट आले : 'टू सर, विथ लव्ह', 'इन द हीट ऑफ द नाइट' आणि 'गेस हूज कमिंग टू डिनर'. तिसऱ्यात तो गोऱ्या मुलीशी लग्न ठरवलेला डॉक्टर आहे, इतका निर्दोष की त्याला नाकारायला रंगाशिवाय कारणच उरत नाही. आणि दोघांचं चुंबन दिसतं कुठं? टॅक्सीच्या आरशात, चालकाच्या नजरेतून. एवढीच मुभा होती. भूमिकांबद्दल ती मुलगी बरोबर आहे.

माणसाबद्दल मात्र एक प्रसंग वर्गात सांगा. १९५० च्या दशकात त्याला आठवड्याला ७५० डॉलरची भूमिका आली. पात्र होतं एका झाडूवाल्याचं. त्याच्या मुलीला गुंड मारून अंगणात फेकतात आणि तो गप्प राहतो. प्वाटिएनं नाही म्हटलं. माझा बाप असा गप्प बसला नसता, असं त्याचं कारण. बायकोचं बाळंतपण तोंडावर होतं, दवाखान्याला ७५ डॉलर हवे होते. त्यानं घरातलं सामान गहाण ठेवून ७५ डॉलर काढले. एजंट मार्टिन बॉमला हे कळलं तेव्हा त्यानं त्याला कायमचं आपल्याकडे घेतलं. 'चांगला माणूस' हा गोऱ्यांसाठी घातलेला मुखवटा असता तर साडेसातशे डॉलर सोडून कुणी खाटलं गहाण टाकत नाही.

पुढं त्यानं कॅमेऱ्यामागची जागा घेतली. १९७२ च्या 'बक अँड द प्रीचर'चा दिग्दर्शक सुरुवातीलाच बाजूला झाला आणि प्वाटिएनं सूत्रं हाती घेतली. १९८० च्या 'स्टर क्रेझी'नं अमेरिकेत दहा कोटी डॉलरच्या वर कमाई केली. काळ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटानं हा आकडा तेव्हा प्रथमच ओलांडला. या चित्रपटांतली काळी माणसं हसतात, फसवतात, पळून जातात. वाद पूर्ण करायचा तर वर्गात तेही बघा.

प्रश्न : वाचनालयात दाखवायचे तर कोणते, कोणत्या क्रमानं?
तेच ग्रंथपाल, ता. दर्यापूर

उत्तर : तीन पुरेत. आधी 'लिलीज ऑफ द फील्ड', ९४ मिनिटं, भाषा न कळणाऱ्या आजीलाही कळतो. मग 'द डिफायंट वन्स', १९५८, एका बेडीत अडकलेले काळा आणि गोरा कैदी, साधारण तेवढाच. शेवटी 'इन द हीट ऑफ द नाइट', ११० मिनिटं. त्यात खुनाचा तपास आहे, तेव्हा मराठी सांगणारा एकजण बसवा आणि त्याला चित्रपट आधी दोनदा बघायला लावा. सांगणाऱ्यानं खुनी कोण हे तोंडावर आणायचं नाही. सार्वजनिक प्रयोगाला हक्कधारकाची परवानगी लागते, विकत घेतलेली डीव्हीडी त्याला पुरत नाही. ती आधी मिळवा, मग फलकावर तारीख लिहा.